‘एकदाचा निकाल लागू द्या!’

मुलीचे लग्न आणि कुत्रा या दोन विषयांत आपल्याला काही कळत नाही, असे म्हणणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. त्यातही घरात एक कुत्रा असताना दुसरा आणला, की सल्लागारांची अंगणात रीघच लागते. यांतले बरेचसे सल्ले निरुपद्रवी असतात. गळ्यात काळा दोरा बांधा, नाव दोन अक्षरीच ठेवा, पहिल्या दिवशी दूधभाकरी द्या. करून टाकावे, कोणाचे काही बिघडत नाही. पण एक सल्ला असा आहे की तो कानावर पडला म्हणजे माझ्या अंगाची लाही होते, आणि नेमका तोच देणारे सर्वांत अधिक. “दोघांना द्या सोडून अंगणात. भांडतील, थोडे रक्त निघेल, कोण मोठा ते ठरेल. एकदाचा निकाल लागू द्या, मग जन्मभर घोर नाही!” हे सांगताना त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान पसरते. त्याचेही कारण उघड आहे. रक्त त्याचे निघणार नसते, आणि तो स्वतः ओसरीवर खुर्ची टाकून बसणार असतो.

मी शाळामास्तर आहे. निकाल या शब्दाशी माझा वर्षातून दोनदा संबंध येतो. निकालाच्या अगोदर परीक्षा व्हावी लागते आणि परीक्षेच्या अगोदर कोणीतरी काहीतरी शिकवावे लागते, असा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. येथे शिकवणे नाही, परीक्षा नाही, एकदम निकाल! आणि नापास झालेल्याचा कान फाटलेला.

या लोकांना विचारावे, हे ज्ञान तुम्हांला कोठे मिळाले, तर ते लांडग्याकडे बोट दाखवतात. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो. कुत्रा लांडग्याच्याच वंशातला. तेव्हा दोन कुत्रे एकत्र आले की म्होरकेपणाचा प्रश्न सुटल्यावाचून घरात शांतता नांदायची नाही. ऐकायला मोठे शास्त्रीय वाटते. माझी स्वतःची मजल मॅट्रिकपलीकडे गेली नाही, त्यामुळे शास्त्र म्हटले की मी प्रथम मान लववतो. पण मागाहून ते वाचून पाहण्याची खोड मला आहे. वाचल्यावर आढळले ते असे. १९४७ साली रुडॉल्फ शेन्केल नावाच्या स्विस संशोधकाने लांडग्यांच्या वागण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने पाहिलेले लांडगे रानातले नव्हते. बाझेल शहराच्या प्राणिसंग्रहालयातले होते. १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब अशा कुंपणात दहापर्यंत लांडगे कोंडलेले. एवढ्या जागेत आमच्या शाळेचे चार वर्ग कसेबसे मावतील. पळून जायला वाट नाही, रुसून बसायला कोपरा नाही, आणि जेवण येणार ते माणसाच्या मर्जीने, त्याच त्या जागी. मग त्यांनी एकमेकांच्या उरावर बसावे यात नवल ते काय? सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर लोकलमध्ये चढणारी माणसे पाहून उद्या कोणी परदेशी पंडिताने मराठी कुटुंबव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तर आपण तो प्रमाण मानू काय?

पुढची हकीकत अधिक गमतीची आहे. अमेरिकेतील डेव्हिड मेच यांनी १९७० साली लांडग्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ही म्होरक्याची कल्पना पुढे चालवली. ग्रंथ चांगला खपला. पण माणूस प्रामाणिक. १९८६ सालापासून ते उत्तर ध्रुवाकडच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्यात जाऊन रानातल्या लांडग्यांजवळ राहू लागले, आणि त्यांना दिसले की ज्याला आपण कळप म्हणतो तो म्हणजे एक आई, एक बाप आणि त्यांची लेकरे. म्होरक्या कुस्ती जिंकून म्होरक्या झालेला नसतो; तो बाप असतो, एवढेच. लेकरे मोठी होतात आणि आपला संसार थाटायला निघून जातात. १९९९ साली मेच यांनी हे सारे लिहून जाहीर केले, आणि आपला जुना ग्रंथ आता छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. छपाई थांबली ती २०२२ साली! आपलेच पुस्तक बंद व्हावे म्हणून लेखकाने वर्षानुवर्षे खटपट करावी, हे वाचून मी कादंबरीकार म्हणून सद्गदित झालो. आमच्याकडे पुस्तक बंद पडण्यासाठी लेखकाला काहीच करावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, “मास्तर, तुमच्याच तोंडून सापडलात! अंगणातले दोन कुत्रे काही बापलेक नव्हेत. नात्यागोत्याचे नाहीत, एका कुंपणात आहेत. म्हणजे तेथे बाझेलचाच नियम लागू.” मान्य. माझे म्हणणे दुसरे काय आहे? फाटकाला कडी लावायची, मध्ये एकच थाळी ठेवायची, जुन्याची जागा नव्याला मोकळी करून द्यायची, आणि अशा रीतीने बाझेल स्वतःच्या हाताने उभारायचे. मग जे घडते त्याला निसर्ग म्हणायचे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, एकही दुसऱ्यावर दात काढीत नाही. भाविक म्हणतात ते चार वेद. असतील. मला मात्र दरवेळी हेच दिसते की त्या तसबिरीत कोठेही जेवणाची थाळी नाही.

आता निकाल लागला म्हणजे काय होते, ते सांगतो. आमच्याच गावात, नाव सांगत नाही, एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे नऊ वर्षांचा एक गावठी कुत्रा होता. तांबडा, शेपटीचे टोक पांढरे. रात्री शाळेवरून परतताना मला तो बंधाऱ्यापर्यंत सोबत करी. गृहस्थांच्या मुलाने पुण्याहून दीड वर्षाचा अल्सेशियन आणला. कोणाची बदली झाली होती, म्हणून फुकट मिळाला. रविवार, दुपारची वेळ, घरात मटण शिजलेले. मोटारीचे दार उघडले आणि पाहुणा थेट अंगणात, म्हाताऱ्याच्या थाळीपाशी. म्हाताऱ्याने काय करावे अशी अपेक्षा होती? उठून पाट मांडायचा? तो गुरगुरला. त्याला काठी बसली. कारण पाहुण्याशी असे वागत नाहीत! मग दोघे भिडले आणि मंडळी गच्चीवरून बघत राहिली. नव्याचे वजन जुन्याच्या दुप्पट होते. पाच मिनिटांत निकाल लागला. म्हाताऱ्याचा कान गेला, पुढचा पाय महिनाभर अधू राहिला. त्या दिवसापासून तो न्हाणीमागे पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला पडून राही. पाहुणा झोपल्यावर उठून काय मिळेल ते खाई. “कळली त्याला आपली जागा,” असे गृहस्थ मला म्हणाले. “बघा, आता कसे शांत झाले सगळे.”

ती शांतता चार महिने टिकली. मग त्यांचा सहा वर्षांचा नातू चेंडू आणायला पिंपामागे वाकला, आणि म्हातारा त्याच्या हाताला चावला. “न गुरगुरता चावला, मास्तर! भरवसा राहिला नाही.” न गुरगुरता! चार महिने त्याला गुरगुरल्याबद्दल काठी मिळत होती. त्या बिचाऱ्याने धडा अगदी नीट पाठ केला होता. कुत्र्याचे गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे. ती त्याची सूचना आहे, ‘मला भीती वाटते, थोडे लांब राहा’ एवढाच तिचा अर्थ. रेल्वेच्या फाटकावरची घंटा कर्कश वाटते म्हणून काढून टाकली, तर गाडी यायची थांबत नाही. मुलाची जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याला ताबडतोब दवाखान्यात नेले, सुया दिल्या, एवढे तरी त्या घराने बरोबर केले. कुत्र्याला टेम्पोत घालून घाटापलीकडे एका ढाब्यापाशी सोडून आले. दुसऱ्या रविवारी मी आणि माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलने तेथवर जाऊन आलो. ढाबेवाल्याने सांगितले, दोन दिवस रस्त्याच्या कडेला बसून होता. पांढरा टेम्पो दिसला की उठून उभा राही. तिसऱ्या दिवशी दिसला नाही. नऊ वर्षांच्या चाकरीचा हा निकाल. हे ज्या घरात झाले ते घर दुष्ट नाही. दर एकादशीला तेथे भजन असते. म्हणून तर मला राग माणसांपेक्षा त्या सल्ल्याचा येतो.

महाभारताची सुरुवात कोठून होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत बसला आहे. तेथे सरमेचा मुलगा, एक कुत्रा, येतो आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. तो रडत आईकडे जातो. आई म्हणते, तू काही आगळीक केली असशील. तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे दूरच. मग ती कुत्री भर सत्रात जाऊन राजाला जाब विचारते, आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा शापते, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच व्यासांनी हे प्रकरण का बांधले, यावर विद्वान काय म्हणतात ते म्हणोत. मला त्यातला न दिसणाऱ्या भयाचा शाप मात्र अगदी खराखुरा वाटतो. कारण नसता मारलेल्या कुत्र्याच्या घरात तेच भय वावरते. ते कोणत्या पिंपामागून उठेल याचा नेम नसतो.

“मग करावे तरी काय?” असे विचारणाऱ्यासाठी सांगतो. नुसती टीका करणारा मास्तर मुलांना आवडत नाही.

वर्षाच्या मध्यावर एखादा मुलगा बदली होऊन शाळेत येतो. त्याला पहिल्याच दिवशी मी वर्गाच्या दांडगोबाशेजारी बसवीत नाही. आणि मधल्या सुट्टीत दोघांना मैदानावर सोडून, ‘ठरवा बाबांनो कोण मोठा’, असेही म्हणत नाही. म्हटले तर पालक मला जोड्याने मारतील, आणि योग्य करतील. कुत्र्याला यापेक्षा निराळे काही लागत नाही. आमचा मोती आठ वर्षांचा असताना शाळेमागे सापडलेली एक वर्षाची कुत्री घरी आणायचे ठरले. पहिले पंधरा दिवस तिला आमच्या शिपाईदादांच्या रिकाम्या गोठ्यात ठेवले. गुरांच्या दवाखान्यात नेऊन लशी टोचल्या, जंताचे औषध दिले. हे ओळखीपाळखीच्याही अगोदरचे. पार्व्हो नावाचा रक्ताच्या हगवणीचा रोग १९७८ सालापासून जगभर पसरला आहे. त्याचे विष अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहते आणि पिल्लू दोन-चार दिवसांत जाते. आपण मात्र बाजारातून पिल्लू उचलतो आणि संध्याकाळी जुन्याच्या थाळीत त्याचे तोंड घालतो, प्रेम वाढावे म्हणून.

या पंधरा दिवसांत तिच्या अंगाखालचे गोणपाट मोतीकडे आणि मोतीचे तिच्याकडे, असे रोज बदलत होतो. कुत्र्याच्या जगात वास म्हणजे नाव, गाव, जात, वय, सर्व काही. भेटीआधी पत्रव्यवहार झालेला बरा. मग एका रविवारी सकाळी नदीच्या वाळवंटात गेलो. घर मोतीचे, अंगण मोतीचे. वाळवंट कोणाचेच नव्हे. एक दोरी माझ्या हाती, दुसरी आमच्या सौ.च्या. समोरासमोर नाही, तीस पावलांचे अंतर ठेवून, दोघे एकाच दिशेला चालत. दोन कुत्र्यांना एकमेकांसमोर दोरी ताणून उभे करणे म्हणजे दोन माणसांच्या कॉलरी धरून ‘आता नमस्कार करा’ म्हणण्यासारखे आहे. दोरी सैल हवी. धरणाऱ्याचा हात ताठ झाला की तो ताठरपणा दोरीतून कुत्र्याच्या मानेत उतरतो. चालता चालता अंतर वीसवर आले, मग दहावर. मोतीची शेपटी काठीसारखी उभी झाली, तोंड मिटले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तशी सौ. काही न बोलता तिला घेऊन लांब झाली. कोणाला ओरडलो नाही. पुन्हा चाललो. अर्ध्या तासाने मोतीने अंग झाडले, जमीन हुंगू लागला. मग एकदा वळसा घेऊन मागच्या बाजूने तिला हुंगू दिले. मनातल्या मनात तीन मोजले आणि हाक मारून परत बोलावले. पहिला दिवस संपला. अशा चार फेऱ्या झाल्यावर दोघांना बरोबरच चालवीत घरी आणले. त्याआधी थाळ्या, हाडके, मोतीचे पोते, सारे उचलून ठेवले होते. जेवण निरनिराळ्या खोल्यांत, दार लावून. पाण्याची भांडी दोन, दोन कोपऱ्यांत. आम्ही दोघे शाळेत असताना एक ओसरीवर, एक मागच्या पडवीत. महिनाभर त्यांना एकटे एकत्र सोडले नाही. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास मोतीचा, फक्त मोतीचा, पूर्वी होता तसा.

यातून गोष्टीच्या पुस्तकात असते तशी मैत्री झाली काय? नाही. मोती तिला शेवटपर्यंत सहन करीत आला. ती फार अंगचटीला आली की तो ओठ वर करून एकदा गुरगुरे, ती बाजूला होई, आणि आम्ही त्यात पडत नसू. कधी थंडीत दोघे उन्हाच्या एकाच तिरिपीत हातभर अंतर ठेवून पडलेले दिसत. तेवढे मला पुष्कळ वाटले. दोन कुत्र्यांनी गळ्यात गळे घालावेत हा हट्ट आपला असतो. त्यांना नुसते निर्धास्त झोपता आले तरी त्यांचे भागते. काहींचे तेवढेही जमत नाही, विशेषतः दोन वयात आलेल्या माद्यांचे. तेव्हा दार मध्ये ठेवून दोघींना सांभाळावे किंवा एकीसाठी दुसरे चांगले घर शोधावे. घर शोधणे आणि घाट ओलांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि एवढे करूनही कधी जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये. पाण्याची बादली ओतावी, घोंगडी टाकावी, पातेले बडवावे.

“कुत्र्यासाठी एवढा वेळ कोणाला आहे?” हा प्रश्न मला दर खेपेला विचारतात. ज्याला नाही त्याने एकच कुत्रा पाळावा. दुसरा आणा, अशी कोणत्याही ग्रामपंचायतीची नोटीस निघालेली नाही.

अधिक वजनदार आक्षेप दुसरा आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची ओळख कोण करून देतो? ते राहतातच ना एकत्र? राहतात, पण कसे, ते कोणी बसून पाहिले आहे? मी दोन उन्हाळे शाळेच्या व्हरांड्यातून पाहिले आहे. गल्लीत परका कुत्रा येतो तो सरळ मधोमध येत नाही. तो पहिले काही दिवस उकिरड्याच्या कडेला बसतो. कोणी धावून आले की शेपूट घालून पुढच्या चौकात पळतो. पाठलाग करणारा विजेच्या खांबापाशी थांबतो, कारण त्याची हद्द तेथे संपते. दुसऱ्या दिवशी परका पुन्हा येतो, दोन हात अधिक पुढे. आठ-पंधरा दिवसांनी तो हातगाडीखाली झोपलेला दिसतो आणि कोणी त्याची दखल घेत नाही. म्हणजे मी वाळवंटात जे दोरीने केले तेच गल्लीतली कुत्री आपल्या पायांनी करतात. त्यांच्याजवळ पळून जायला चौक असतो. आपण अंगणाला कडी लावून तो चौक काढून घेतो, म्हणून त्याची भरपाई आपणच करावी लागते.

हे सारे मी आजच का लिहितो आहे? ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील भटकी कुत्री पकडून, नसबंदी करून, लस टोचून निवाऱ्यांत ठेवावीत, आणि उचलली तेथे परत सोडू नयेत. मुलांना कुत्री चावतात, मीही चावलेली मुले दवाखान्यात नेली आहेत. न्यायालयाची काळजी मला समजते, आणि त्या आदेशाशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण त्यानंतर एकदा स्टाफरूममध्ये गोष्ट निघाली. निरनिराळ्या गल्ल्यांतली चाळीस-पन्नास कुत्री एका शेडमध्ये राहणार कशी, असे मी विचारले. एक सहकारी चहा ढवळत म्हणाले, “त्यात काय मास्तर? पहिले दोन दिवस भांडतील. लागेल निकाल.”

मी त्यांना विचारले, शेड किती मीटर लांब आणि किती रुंद? दोन कुत्र्यांमध्ये जाळी किती ठेवणार? थाळ्या किती? नव्या आलेल्याला पंधरा दिवस वेगळे ठेवायला खोली कोठे आहे? रात्री तेथे माणूस असणार काय, आणि त्याच्या हाती बादली असणार की काठी? ते चहा तसाच ठेवून तासाला निघून गेले. हेच प्रश्न आता मी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी पाठवले आहेत. पोच मिळाली आहे.